शेपटी धरणारी

भात कापून झालं की आमच्या आचरा गावच्या मळ्यांतून ओलसर पेंढ्याचा वास सुटतो. थोडा गोड, थोडा कुबट. तो आला की वर सड्यावरचं, गावामागच्या कातळी पठारावरचं गवत पिवळं पडलं असणार, हे न बघता कळतं. परवा सकाळी मागचं दार उघडलं आणि तो वास आत आला. बाकीच्यांना त्यानं नवा तांदूळ आठवतो, पोहे आठवतात. मला जळक्या एरंडेलाचा वास आठवतो, आणि त्याच्या पाठोपाठ तीन वर्षांपूर्वीची, दोन हजार सातची ती सुगी. त्या सुगीत मी एक बॅटरी मुद्दाम मारली.

माझे यजमान सव्वीस वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनीअर होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती, पण एका छपराखाली काढलेले महिने जोडले तर दहा वर्षंही भरत नव्हती. मुलगी माझ्याच हाताखाली वाढली आणि लग्न होऊन पुण्याला गेली. मी गावच्या वाचनालयात संध्याकाळचे तीन तास पुस्तकं द्यायची-घ्यायची आणि बाकीचा वेळ वाट बघायची. मग हे निवृत्त झाले आणि दोन पेट्या घेऊन घरी आले. एकीत कपडे होते. दुसरीत विमानं.

खेळण्यातली नव्हेत. हलक्या लाकडाची, पाच फूट पंखांची, नाकात मुठीएवढं खरं इंजिन असलेली. हातातल्या डब्यावरच्या दोन दांड्या हलवल्या की आकाशात वळणारी. मासे घेऊन येणारी पार्वती पडवीत टोपली उतरवून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "वैनी, ह्या वयात माणसां देवाक लागतत. तुमचे विमानाक लागले."

मला मात्र ती विमानं आवडली. खरं कारण सांगायचं तर विमानं नव्हे, ती बॅटरी आवडली.

ते इंजिन आपोआप सुरू होत नाही. त्याला बाहेरून फिरवावं लागतं, आणि त्यासाठी एक स्टार्टर असतो. मिक्सरच्या मोटारीसारखा दिसतो. त्याच्या तोंडाला रबराची वाटी असते. ती वाटी विमानाच्या नाकावर दाबायची आणि बटण दाबायचं. या स्टार्टरला बारा व्होल्ट लागतात, म्हणून यांनी मोटारीची एक जुनी बॅटरी लाकडी पेटीत बसवली होती. पेटीला दोन बाजूंना सुंभाच्या कड्या. स्कूटर जिथवर जाते तिथून सड्यावरची मोकळी जागा तीन-चारशे पावलं, आणि ती पेटी एकट्याला उचलायची नाही. एक कडी यांच्या हातात, एक माझ्या.

सकाळी सात वाजता, मतलईचा वारा जमिनीवरून समुद्राकडे हळू वाहत असताना, आम्ही दोघं ती पेटी मध्ये धरून जांभ्याच्या कातळावरून चालायचो. पायांची चाल एक करावी लागायची, नाहीतर पेटी नडगीवर आपटायची. मध्ये दोनदा थांबून हात बदलायचो. हे सांगायचे, "वायच बस." मी बसायची. खाली नारळांच्या झावळ्यांपलीकडे समुद्र चकचकत असायचा. चार शब्द बोलणं व्हायचं, कधी नाहीच व्हायचं. नवऱ्याबरोबर रोज एकाच वेळी, एकाच कामाला निघण्याचं सुख मला बावन्नाव्या वर्षी मिळालं होतं.

आणि वर पोचल्यावर माझं दुसरं काम असायचं. शेपटी धरणं. इंजिन पेटलं की विमान पुढं झेप घेतं, म्हणून कुणीतरी मागून घट्ट धरून बसावं लागतं. मी गुडघे टेकून बसायची. हे समोर वाकून स्टार्टर दाबायचे. "नीट धर गो. सुटला तर थेट माझ्या तोंडार येतला." मग कर्कश आवाज, निळसर धूर, इंधनातल्या एरंडेलाचा वास, आणि माझ्या दोन्ही हातांत दावं तोडू बघणाऱ्या वासरासारखी ती थरथर. हे इंधन कमी-जास्त करणारा सुईचा स्क्रू फिरवून आवाज जुळवायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे. मी सोडायची. माझ्या सोडण्यावाचून ते विमान उडत नव्हतं.

डॉक्टर अश्विनी आली ती ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. आमच्या सरकारी दवाखान्यात ती बाँडचं वर्ष काढत होती. साताऱ्याकडची, पंचवीस-सव्वीसची, केस आखूड कापलेली. सड्यापलीकडच्या वाडीत लहान मुलांना लस द्यायला स्कूटरवरून चालली होती, आवाज ऐकून वळली. मी शेपटी धरून बसलेली, हे स्क्रू फिरवत असलेले. तिनं हेल्मेटही काढलं नाही.

"काका, तेल कमी पडतंय त्याला. सुई अर्धा वळसा उघडा."

यांनी वर बघितलं. सुईला हात लावायची मला कधी परवानगी नव्हती. त्यांनी अर्धा वळसा उघडला आणि आवाज लोण्यासारखा झाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"कॉलेजात असताना चार वर्षं हेच केलंय. अभ्यास सोडून."

हे हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. मी हात सोडायचं विसरून तशीच बसले होते. शेवटी त्यांनाच सांगावं लागलं, "सोड गो आता."

पहिल्या पाच मिनिटांत ती दोघं अशा भाषेत बोलायला लागली जी मला येत नव्हती. मला तर वर्षभर विमानाच्या मागे बसूनही त्या स्क्रूचं नाव माहीत नव्हतं, आणि कुणी सांगितलंही नव्हतं. हा पहिला ओरखडा. पुस्तकांत याला मत्सर म्हणतात, असूया म्हणतात. ते शब्द फार उंच वाटतात मला. आमच्याकडे सरळ म्हणतात, पोटात दुखता. तसंच होतं ते. जागा दाखवता येईल असं.

मला तसला संशय कधी आला नाही, हे लिहून ठेवते. ती माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी लहान होती आणि यांना मी ओळखते. पण संशय नसला म्हणून हेवा कमी जळतो असं थोडंच आहे. संशयाला निदान काहीतरी पुरावा लागतो.

दसऱ्याच्या दिवशी ती पेढे आणि एक पाकीट घेऊन आली. पाकिटात निळ्या प्लास्टिकात गुंडाळलेली वस्तू होती, साबणाच्या वडीपेक्षा थोडी मोठी. तिच्या भावानं सिंगापूरहून पाठवली होती.

"लिथियमची आहे काका. ती पेटी आता पडवीतच राहू दे. ही स्टार्टरलाच पट्ट्यानं बांधायची. एका हातानं इंजिन सुरू होतं."

यांनी ती तळहातावर तोलली. पुन्हा पुन्हा तोलली. मग माझ्या हातात दिली. "बघ गो, काय वजनच नाय." खरंच नव्हतं. मी वाचनालयात रोज याहून जड पुस्तकं उचलते.

हत्यारांची पूजा चालू होती. कोयता, पारळी, यांचे पाने, विमानं आणि ती निळी बॅटरी यांना झेंडूची फुलं वाहिली गेली. मोटारीची बॅटरी पडवीच्या कोपऱ्यात पेटीत तशीच होती. सगळे आत जेवायला बसल्यावर मी जाऊन तिच्यावर एक फूल ठेवलं. आणि मग कुणी बघेल म्हणून उचललंसुद्धा.

लिथियमच्या बॅटरीचे नियम यांनी कागदावर लिहून कपाटाच्या दारावर चिकटवले. तिच्याच चार्जरवर चार्ज करायची. उन्हात ठेवायची नाही. टोचायची नाही. सगळ्यांत खाली लाल शाईनं: नऊ व्होल्टच्या खाली उतरवायची नाही. मला वाचून दाखवताना म्हणाले, "साधी बॅटरी उतरली तर परत भरूक येता. ही तशी नाय. एकदा पुरी उतरली की मेली."

मी ऐकून घेतलं.

दोन-तीन दिवस मी सवयीनं बरोबर गेले. पण अश्विनी विमानाच्या पंखापुढं चपलेचा पाय आडवा लावायची, एका हातानं विमान दाबायची, दुसऱ्या हातानं स्टार्टर, आणि इंजिन पेटायचं. मी बाजूला पाण्याची बाटली घेऊन उभी. चौथ्या दिवशी मी चपला घालत असताना हे म्हणाले, "तू कशाक दमतंस? ऱ्हव घरात." मायेनंच म्हणाले. मी चपला काढून ठेवल्या.

त्यानंतर मी सकाळी मागच्या अंगणात पेंढा वाळत घालायची आणि वरचा आवाज ऐकायची. सड्यावरून तो नीट खाली येतो. आठ दिवसांत मला विमान कोण उडवतंय ते ओळखता येऊ लागलं. यांची विमानं मोठी गोल वळणं घेत, आवाज एकसारखा, बोटीच्या इंजिनासारखा. तिची सरळ वर चढत, आवाज फाटायला यायचा आणि मग उलटं होऊन खाली कोसळताना तो पातळ व्हायचा. आणि कधी कधी आवाज बंदच व्हायचा, पंधरा-वीस मिनिटं. तेव्हा माझ्या हातातला पेंढा तसाच राहायचा. उडत नाहीत म्हणजे बोलत असणार. काय बोलत असतील?

नोव्हेंबरात त्यांनी नवं विमान बांधायला घेतलं. दवाखाना आटोपून ती संध्याकाळी यायची, मी वाचनालयात असायची त्याच वेळी. मी परत आले की पडवीत लाकडाचा भुसा, डिंकाचा वास आणि मोरीत दोन कप धुऊन पालथे घातलेले असायचे. एकतीस वर्षांत यांनी घरातला कप धुतलेला मी पाहिला नव्हता. ते दोन कप मी पुन्हा धुवायची.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बाबांना कुणीतरी मिळालं याचा तुला आनंद व्हायला हवा." मग म्हणाली, "मला कधी नाही शिकवलं त्यांनी." म्हणजे मी एकटी नव्हते. पण त्यानं बरं वाटलं नाही.

डिसेंबरअखेर अश्विनीचं वर्ष संपत होतं. जायच्या आधीच्या रविवारी नवं विमान पहिल्यांदा उडवायचं ठरलं. भगव्या पंखांचं, फार देखणं झालं होतं. शनिवारी दुपारी हे जेवून आडवे झाले. चार्ज करून ठेवलेली बॅटरी टेबलावर होती. शेजारी यांचा तपासणीचा दिवा होता: स्कूटरचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी.

मी ठरवून गेले नव्हते असं म्हणावंसं वाटतं. पण मी आधी कपाटावरचा कागद वाचला. लाल ओळ दोनदा वाचली. मग वायरी जोडल्या.

बल्ब पांढरा लखलखला, बघवेना इतका. मी खुर्ची ओढून समोर बसले. आतल्या खोलीतून यांचं घोरणं ऐकू येत होतं, बाहेर मळ्यात कुणीतरी पाटावर भात झोडत होतं. अर्धा-पाऊण तास तो तसाच जळला. मग पिवळा झाला. मग आतली तार तेवढी तांबडी दिसायला लागली, विझत्या उदबत्तीच्या टोकासारखी. कितीदा तरी वाटलं, आता वायर काढावी. काढली नाही. तांबूसपणाही गेला तरी मी बसून होते. मग सगळं होतं तसं ठेवलं आणि वाचनालयात गेले.

रविवारी सकाळी मी म्हटलं, "मी पण येतंय." यांना बरं वाटलेलं दिसलं.

वर वारा अगदी बेताचा होता. अश्विनीनं स्टार्टर नाकावर दाबला. बटण दाबलं. काहीच नाही. यांनी बॅटरी चाचपली. होडीत आल्यावर पोट फुगवणाऱ्या केंडमाशासारखी ती फुगली होती. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मी दूर समुद्राकडे बघत होते. घरची मोठी बॅटरी दोन महिन्यांत कुणी भरली नव्हती, तीही मेलेलीच असणार. मनात मी म्हणत होते, आता घरी जाऊ. ती बॅटरी भरू. कड्या धरून दोघं वर येऊ.

पण हे म्हणाले, "हातान फिरवतंय. तू शेपटी धर गो."

"काका, थांबा. बोटानं नको. काठी बघते कुठं मिळाली तर," अश्विनी म्हणाली आणि उठली. सड्यावर काठी कुठली मिळायची. यांना धीर नव्हता. मी गुडघे टेकले, शेपटी धरली. माझी जागा मला परत मिळाली होती. त्या दोन मिनिटांत मी सुखात होते, हे मी लपवणार नाही.

यांनी बोटानं विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी इंजिन उलटा झटका देऊन पेटलं.

आवाज बदलला एवढंच मला आधी कळलं. मग भगव्या पंखावर थेंब दिसले. मी शेपटी सोडली नाही, सुटली असती तर ते विमान थेट त्यांच्या अंगावर गेलं असतं. अश्विनी धावत आली, तेलाची नळी उपटून इंजिन बंद केलं, ओढणीनं हात बांधला. उजव्या हाताची दोन बोटं हाडापर्यंत कापली होती. "माझ्या मागे बसा काका. डोकं माझ्या खांद्यावर ठेवा. काकी, तुम्ही सावकाश या." स्कूटर गेली. यांचं डोकं तिच्या खांद्यावर होतं. आणि मी, जिनं हे सगळं केलं होतं, ती सड्यावर उभी राहून त्या खांद्याचाही हेवा करत होते.

विमान बगलेत मारून मी चालत दवाखान्यात पोचले, तोवर अकरा टाके घालून झाले होते. मधलं बोट आजही पुरतं वाकत नाही.

तीन दिवस मी यांना चमच्यानं भरवलं. बुधवारी दुपारी भात कालवता कालवता हात थांबला. म्हटलं, "बॅटरी आपसूक मेली नाय. मी मारलंय तिका."

हे शांतपणे म्हणाले, "माका म्हायत आसा."

"कसा?"

"आतले तीनही सेल एकाच मापात शून्यार गेले. आपसूक मरणारी बॅटरी अशी मरणा नाय. दिवो लावलेलो होतो."

"मग बोललात नाय ते?"

"डॉक्टरीण म्हणाली, काकींका काय इचारू नकात. टाके घालताना बोलणा झाला. तूच सांगशीत म्हणान वाट बघी होतंय."

मला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. उलट डोकं तापलं. माझा गुन्हासुद्धा त्या दोघांनी वाटून घेतला होता. तिनं मला क्षमा केली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

शुक्रवारी सकाळी ती निरोप घ्यायला आली. हे न्हाणीत होते. ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर पाटावर बसली. मी नारळ खवत होते, मान वर केली नाही. आडून बोलायची ताकद संपली होती, म्हणून सरळ विचारलं, "तुमी दोघां एवढा काय बोलत असास? मी नसताना?"

ती गोंधळली. "विमानांचं. इंजिनांचं." मग म्हणाली, "आणि तुमच्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"बरंच. काकी, खरंच तुम्हाला ठाऊक नाही? तुमची पत्रं. बंदरात पत्र आलं की काका ते लगेच फोडत नसत. पुढच्या बंदरात दुसरं मिळेपर्यंत खिशात ठेवत. एक तरी न वाचलेलं पत्र जवळ हवं, म्हणून. एकदा इंजिनरूममध्ये आग लागली तेव्हा आधी खिसा चाचपला, म्हणाले." ती हसली. माझा चेहरा बघून थांबली. "मला वाटलं, हे सगळं तुम्हाला सांगून झालंय. मला नुसतं परत सांगतायत."

मी तिला खोबऱ्याची वडी दिली, पाच मिनिटांनी ती गेली. माझं तिच्याशी भांडण नव्हतं, आणि गळ्यात पडण्याइतकं मन मोठंही नव्हतं. आजही दिवाळीला तिचा फोन येतो. तो मीच आधी उचलते.

त्या दिवशी खवणी तशीच टाकून मी पडवीत गेले. हे ओल्या डोक्यानं, बांधलेला हात छातीशी धरून बसले होते. समोर भगवं विमान होतं, पंखावरचे डाग पुसून काढलेलं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

"तिका सांगितलात ता सगळा माका सांगा."

"काय ता?"

"पत्रांचा. आगीचा. जा काय सांगितलात ता. पयल्यापासना."

हे लाजले. साठीला आलेला माणूस असा लाजतो हे मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी नजर बाहेर मळ्याकडे वळवली. तिथं भाऱ्यांच्या उडव्या रचल्या जात होत्या. मग म्हणाले, "तिका सांगूक सोपा होता गो. तिका त्यातला काय व्हया नव्हता."

"माका व्हया आसा," मी म्हटलं.

त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि पहिल्या बोटीचं नाव घेतलं. त्या दिवशी आमचं दुपारचं जेवण चार वाजता झालं.